हाडं दुखतात, मग मानेचं ऑपरेशन कशाला?

वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीतून एका सुनेचं पत्र आलंय. मोठं आहे म्हणून थोडक्यात देते. "ताई, सासूबाई ५८ वर्षांच्या, पाच वर्षं डायलिसिसवर, आठवड्यातून तीन वेळा. लघवी आता जवळजवळ होतच नाही. गेले आठ-नऊ महिने हाडं खूप दुखतात. कंबर, बरगड्या, टाचा. पाटावर बसल्या की उठवत नाही. रात्रभर अंग खाजवतात, हाडां दुखतत गो, डोळ्याक डोळो लागणा नाय, असं म्हणत बसून राहतात. जुलैमध्ये पडवीत घसरल्या आणि मनगट मोडलं. सगळे म्हणाले कॅल्शियम कमी झालंय, म्हणून मेडिकलमधून कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या, रोज दोन, दुधाबरोबर देते. नाचणीची आंबील, पायाचा रस्सा, सुकट पण चालू केलं. आता रिपोर्टमध्ये पीटीएच १२४० आणि फॉस्फरस ७.८ आलाय आणि डॉक्टर म्हणतात असंच राहिलं तर मानेतल्या ग्रंथीचं ऑपरेशन करायला लागेल. घरात सगळे घाबरलेत. हाडं दुखतात तर मानेचं ऑपरेशन कशाला? डायलिसिसनेच हाडं विरघळतात का? मी कुठे चुकले का?"

बाय, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तू चुकली नाहीस. हाडं दुखली की कॅल्शियम द्यायचं हे आपल्याकडे आजीपासून सगळ्यांना माहीत असतं आणि किडनी चांगली असलेल्या माणसात ते बऱ्याचदा बरोबरही असतं. पण डायलिसिसच्या पेशंटचं हाड वेगळ्याच कारणाने दुखतं, आणि हे तुला पाच वर्षांत कोणीतरी समोर बसवून सांगायला हवं होतं. मी बरीच वर्षं डायलिसिस युनिटमध्ये सिस्टर होते, त्यामुळे हे सांगायचं काम आमचं होतं हे मला चांगलं माहितेय. म्हणून आज जरा लांबण लावते, सावकाश वाच, आणि नवऱ्यालाही वाचायला दे.

किडनी फक्त पाणी आणि युरिया बाहेर टाकते असं आपल्याला वाटतं, पण ती हाडांसाठी दोन मोठी कामं करते. एक, जेवणातून येणारा जास्तीचा फॉस्फरस लघवीवाटे काढून टाकते. दुसरं, व्हिटॅमिन डी ला पक्कं करते. उन्हातून किंवा गोळीतून मिळतं ते डी कच्चं असतं, त्यावर लिव्हरमध्ये एक प्रक्रिया होते आणि शेवटची किडनीत, तेव्हा कुठे ते आतड्यातून कॅल्शियम ओढायच्या कामाला येतं. म्हणून तर कोकणात एवढं ऊन असून, अंगणात बसून भाजी निवडणाऱ्या बाईला पण किडनी गेल्यावर हे काम करणारं डी मिळत नाही. उन्हात बसवू नकोस असं नाही हां, बसू देत सकाळच्या, फक्त तेवढ्याने भागत नाही.

आता ही दोन्ही कामं बंद पडली की रक्तात फॉस्फरस साठतो आणि कॅल्शियम कमी पडायला लागतं. इथे मान येते. आपल्या गळ्यात थायरॉइडच्या मागच्या बाजूला चार बारक्या ग्रंथी असतात, साधारण तुरीच्या डाळीएवढ्या, त्यांचं नाव पॅराथायरॉइड. नाव सारखं आहे म्हणून लोक थायरॉइड समजतात पण काम पूर्ण वेगळं. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्यांचं काम, त्यासाठी त्या पीटीएच नावाचं हार्मोन सोडतात, आणि पीटीएच वाढलं की ते हाडातून कॅल्शियम सोडवून रक्तात आणतं. किडनी धड असेल तर थोडं आणलं की काम भागतं, ग्रंथी शांत. पण इथे फॉस्फरस वरच राहतो, डी नाहीच, मग ग्रंथी वर्षानुवर्षं रात्रंदिवस राबत राहतात, राबून राबून मोठ्या होतात आणि हाडातून काढतच राहतात. हाडातून कॅल्शियमबरोबर फॉस्फरस पण सुटतो, म्हणजे रक्तातला फॉस्फरस आणखी वर जातो, आणि चक्र सुरूच.

म्हणजे हाडं दुखतात ती हाडं, पण त्यांना पोखरायला लावणारं मानेत बसलंय. म्हणून डॉक्टर मानेबद्दल बोलतायत.

डायलिसिसने हाडं विरघळत नाहीत. डायलिसिस नसतं तर याच्यापेक्षा वाईट झालं असतं. पण डायलिसिस फॉस्फरस काढायला कमी पडतं हेही खरंय आणि याचा हिशोब तुला सांगते कारण तो एकदा कळला की बाकीचं आपोआप कळतं. साधारण जेवणातून दिवसाला हजार मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस पोटात जातो, त्यातला साठ-पासष्ट टक्के रक्तात उतरतो, म्हणजे आठवड्याचा झाला साडेचार हजारच्या जवळपास. चार तासाच्या एका डायलिसिसमध्ये निघतो ८०० ते १०००. तीन वेळा धरलं तरी फार तर तीन हजार. उरलेला दीड हजार कुठे जाणार? लघवी नाहीच. तो साठतो, आणि रक्तात फॉस्फरस आणि कॅल्शियम दोन्ही जास्त झालं की त्यांचा चुना जाऊन बसतो रक्तवाहिन्यांत, हृदयाच्या झडपांत, कधी चामडीखाली. रात्रभर खाज येते त्यात पण वाढलेल्या फॉस्फरसचा आणि पीटीएचचा हात असतो, एकच कारण नसतं पण हे मोठं कारण.

हा उरलेला दीड हजार अडवायलाच बाइंडर नावाची गोळी असते. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य मी वर दिलं नाही, ते इथे देते. तू लिहिलंयस, "सेव्हेलामर ८०० च्या तीन गोळ्या आहेत, जेवताना विसरतात म्हणून रात्री झोपताना तिन्ही एकदम देते."

बाय, सेव्हेलामर म्हणजे तीच बाइंडरची गोळी, आणि तिचं काम रक्तात नाहीच आहे. ती पोटात जेवणातल्या फॉस्फरसला धरते आणि शौचावाटे बाहेर नेते. समोर जेवण नसेल तर ती धरणार काय? रात्री दहाला रिकाम्या पोटी तीन गोळ्या म्हणजे मासे वर आल्यावर जाळं टाकायचं सोडून मासे निघून गेल्यावर टाकलं असं झालं. पाच वर्षं गोळी चालू आहे असं फाइलवर लिहिलेलं असतं, डॉक्टर म्हणतात गोळी असून फॉस्फरस वाढतोय म्हणजे डोस वाढवा, आणि प्रत्यक्षात गोळी लागूच पडत नसते.

हे मी एवढं जीव तोडून का सांगतेय ते सांगते. आमच्याकडे एक काका यायचे, रापणीवर आयुष्य गेलेले, खांदे बघितले तर वाटायचं या माणसाचं काय मोडणार. तेव्हा पीटीएचची टेस्ट बाहेर पाठवायला लागायची, महाग होती, म्हणून पुढच्या महिन्यात करू पुढच्या महिन्यात करू असं करत दोन वर्षं झालीच नाही. आम्ही वजन बघायचो, बीपी बघायचो, हिमोग्लोबिन बघायचो. ते पाय दुखतात म्हणायचे, आम्ही म्हणायचो वय झालं काका. एक दिवस खाटेवर कूस बदलताना मांडीचं हाड मोडलं. पडले नाहीत, आपटले नाहीत, नुसती कूस बदलली. नंतर त्यांच्या बायकोला विचारलं तर कळलं की गोळ्या ते सकाळी चहाबरोबर सगळ्या एकदम घेऊन मोकळे व्हायचे. चार वर्षं आठवड्यातून तीनदा मी त्यांना सुई टोचत होते आणि एकदाही विचारलं नव्हतं की गोळी कधी घेता. त्यानंतर मी प्रत्येकाला विचारायला लागले.

तर आता काय करायचं. सेव्हेलामरची गोळी पहिल्या-दुसऱ्या घासाबरोबर, अख्खी गिळायची, चावायची नाही, कुटायची नाही कारण ती पाण्याने फुगते. (कॅल्शियमचे किंवा लॅंथेनमचे चावून खायचे बाइंडर असतात, ते वेगळे, त्यांचा नियम यांना लावू नको.) जेवण मोठं असेल, मासे किंवा मटण असेल त्या वेळी जास्त गोळ्या आणि नुसत्या पेजेला कमी किंवा नाही, अशी वाटणी डॉक्टरांना विचारून करून घे, ते करून देतात, फक्त कोणी विचारत नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल किंवा कधी अँटिबायोटिक लिहून दिलं तर ते बाइंडरसोबत देऊ नकोस, मध्ये किती अंतर ठेवायचं ते विचारून घे. या गोळीने पोट धरतं, शौचाला कडक होते, म्हणून पण बायका गुपचूप बंद करतात, लाजून सांगत नाहीत. तू विचार त्यांना.

मेडिकलमधून आणलेलं कॅल्शियम आजच थांबव आणि पुढच्या डायलिसिसला डॉक्टरांना सांग की एवढे दिवस दिलं होतं, लपवू नकोस. गंमत अशी की तीच कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणासोबत चावून घेतली तर बाइंडरचं काम करते आणि रिकाम्या पोटी घेतली की सरळ रक्तात जाते. म्हणजे एकच गोळी, वेळ बदलली की काम बदलतं. पण ती कोणाला द्यायची, किती द्यायची हे रक्तातलं कॅल्शियम बघूनच ठरतं, कारण जास्तीचं कॅल्शियम रक्तवाहिन्यांत जाऊन बसायचा धोका असतो. आणि दुसऱ्या बाजूने, कॅल्शियम आणि डी चा मारा करून पीटीएच फारच खाली गेलं तर हाड सुस्त पडतं, त्याची डागडुजीच थांबते, तेही हाड मोडतं. म्हणून पीटीएच एकदम नॉर्मलला आणायचं हे ध्येय नसतं. साध्या माणसात ते साधारण ६५ पर्यंत असतं, डायलिसिसवाल्यात लॅबच्या वरच्या आकड्याच्या दुप्पट ते नऊपट एवढं चालवून घेतात, म्हणजे १३० ते ६०० च्या आसपास. सासूबाईंचं १२४० आहे, ते नक्कीच जास्त आहे.

खाण्याबद्दल लिहिताना मला जपून लिहायला लागतं कारण आमच्या पेशंटना आधीच सगळं बंद बंद सांगून लोकांनी छळलेलं असतं. मासे बंद करू नकोस. डायलिसिसमध्ये प्रोटीन वाहून जातं, ते भरून यायलाच हवं, वजनाच्या किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम. ताजा मासा चालेल, सुरमई, मुडदुशी, बांगडा, बेताने. पण पेडवे आणि तारलीसारखे काट्यासकट चावून खायचे बारीक मासे कमी कर, कारण काटा म्हणजे हाडच, फॉस्फरस त्यात ठासून. सुकट, गोलमा, सुके बोंबील तर सध्या नकोच, पाणी उडून गेलेलं असल्यामुळे फॉस्फरस दाट होतो आणि मीठ इतकं की तहान लागते, दोन डायलिसिसच्या मधे तीन-चार किलो वजन वाढतं. मला माहितेय पावसात मासेमारी बंद असते तेव्हा सुक्याशिवाय जेवण जात नाही. त्या दिवसांत अंडी कर, पांढरं त्यांना आणि पिवळं पोरांना, पांढऱ्यात प्रोटीन भरपूर आणि फॉस्फरस अगदी थोडा. पायाचा रस्सा बंद, त्यात कॅल्शियम लोकांना वाटतं तेवढं उतरत नाही, मीठच जास्त जातं. नाचणीतला फॉस्फरस अर्धवटच अंगात उतरतो, त्यामुळे एखादी भाकरी खाल्ली म्हणून आकाश कोसळत नाही, पण हाडांचं औषध म्हणून दिवसातून दोनदा वाडगाभर आंबील नको, आणि दूध एकूण अर्ध्या कपावर आण.

सगळ्यात वाईट फॉस्फरस असतो पाकिटातल्या वस्तूंतला, कारण तो जवळजवळ सगळाच्या सगळा रक्तात उतरतो. काळी कोल्ड्रिंक्स, प्रोसेस्ड चीज, सॉसेज, बरीच बिस्किटं आणि बेकरीचा माल. पाकिटाच्या मागे आयएनएस ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ असे आकडे दिसले तर ते पाकीट सासूबाईंसाठी नाही. पाहुणे आले की थंडा आणतात ना, तेवढं सांभाळ. शहाळं नको हे तुला माहीत असेलच पोटॅशियममुळे. आणि एक, विषय हाडांचा नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही, परसात करमळाचं झाड असेल, ज्याला बाहेर स्टारफ्रूट म्हणतात, त्याचं फळ, लोणचं, सरबत काहीही त्यांना द्यायचं नाही, किडनी गेलेल्या माणसाला त्याने उचक्या लागतात, माणूस भ्रमतो, झटके येतात, जीवावर बेततं.

आता तुझ्या पत्रात एका ओळीत येऊन गेलेली गोष्ट. "परतीची एसटी चुकते म्हणून अर्धा तास आधी मशीनवरून काढून घेतात." अर्धा तास म्हणजे आठवड्याचा दीड तास, महिन्याचे सहा तास, म्हणजे दर महिन्याला दीड डायलिसिस बुडतं. आणि फॉस्फरसचं असं आहे की रक्तातला पहिल्या तासा-दीड तासात उतरतो, पण बाकीचा पेशींत आणि हाडांत बसलेला असतो, तो हळूहळू बाहेर येतो, मशीन बंद झालं की पुन्हा रक्तात चढतो. म्हणून पूर्ण चार तास मशीनवर राहणं हेच औषध आहे. गाडीचं दुखणं मी बघितलंय, पावसात शेवटची गाडी गेली की माणूस अडकतो. पण युनिटमध्ये शिफ्ट बदलून मागता येते, सकाळची पहिली मागा, त्याच बाजूचे आणखी दोन पेशंट असतील तर रिक्षा मिळून करा. हे सासूबाई स्वतः मागणार नाहीत, त्यांना वाटतं आपण आधीच सगळ्यांना त्रास देतोय, मुलाने जाऊन बोलायला हवं.

ऑपरेशनचं. ते उद्या करायचं नाहीये, तुझ्या डॉक्टरांनीही "असंच राहिलं तर" म्हटलंय. आधी बाइंडर नीट, जेवण नीट, चार तास पूर्ण, आणि मग फॉस्फरस उतरला की डॉक्टर कामाचं डी म्हणजे कॅल्सिट्रिऑलसारखं औषध देऊ शकतात (फॉस्फरस वर असताना देत नाहीत कारण ते फॉस्फरसही ओढतं), किंवा सिनाकॅल्सेट, जे त्या ग्रंथीलाच शांत करतं. सिनाकॅल्सेट जेवणासोबत द्यायचं, त्याने मळमळतं आणि कॅल्शियम उतरून तोंडाभोवती, बोटांना मुंग्या येतात, तसं झालं तर लगेच कळवायचं. दर महिन्याला कॅल्शियम, फॉस्फरस आणि दर तीन महिन्यांनी पीटीएच, अल्कलाइन फॉस्फटेज (हीपण रक्ताचीच, हाडांची टेस्ट) करून घे, आणि एका वहीत आकडे लिहून ठेव. एका रिपोर्टवर कोणी निर्णय घेत नाही, चढतंय की उतरतंय ते बघतात.

आणि एवढं करूनही नाही उतरलं तर ऑपरेशनला घाबरू नका, टाळत बसू नका. ग्रंथी खूप वाढल्या की औषधाला जुमानत नाहीत. साडेतीन ग्रंथी काढतात, किंवा चारही काढून एक तुकडा हातात चामडीखाली बसवतात, फिस्तुला (डायलिसिसची सुई टोचायला तयार केलेली शीर) नसलेल्या हातात. आवाजाची नस जवळून जाते म्हणून हे अनुभवी सर्जनकडेच करायचं, गोव्यात बांबोळीला, कोल्हापूरला की मुंबईला ते तुमच्या किडनीच्या डॉक्टरांना ठरवू दे. खरी काळजी पहिल्या काही दिवसांची असते. ग्रंथी निघाली की इतकी वर्षं उपाशी राहिलेली हाडं रक्तातलं कॅल्शियम अधाशासारखी ओढतात, ते धोक्याइतकं खाली जातं, सलाइनमधून कॅल्शियम द्यायला लागतं आणि नंतर काही आठवडे ढिगाने गोळ्या. तेव्हा मात्र कॅल्शियमची गोळी हेच औषध, हे लक्षात ठेव नाहीतर माझं वाचून तेव्हा बंद करशील. पण बरेच पेशंट मला दोन-चार दिवसांतच म्हणालेत की खाज गेली, झोप लागली.

पडण्याचं मी आत्ताच बघायला सांगते कारण हाड भरायला वेळ लागतो आणि शेवाळ एका पावसात येतं. न्हाणीघरात आणि चिऱ्याच्या पायऱ्यांना धरायला दांडी, पडवीत रात्री दिवा, पाटाऐवजी खुर्ची, झोपायला खाट. डायलिसिसवरून आल्यावर बीपी उतरलेलं असतं, त्या दिवशी गाडीतून उतरताना कोणीतरी हात धरायचा. हाडवैद्याकडे ओढून-बसवून घेणं अजिबात नको, या बरगड्या जोर सोसत नाहीत, आणि डायलिसिसला रक्त पातळ करायचं औषध देतात त्यामुळे काळंनिळं पण होतं. खोबरेल तेल हलक्या हाताने लावलं तर हरकत नाही, कोरड्या त्वचेची खाज जरा थांबते. दुखतंय म्हणून मेडिकलची पेनकिलर देऊ नकोस, डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. आणि मनगट मोडलं म्हणून कोणी हाडं मजबूत करायचं सहा महिन्यांचं इंजेक्शन सुचवलं, डेनोसुमॅब म्हणतात त्याला, तर किडनीच्या डॉक्टरांशिवाय घ्यायचं नाही. डायलिसिसवाल्यांचं कॅल्शियम त्याने जीवघेणं उतरतं म्हणून अमेरिकेच्या एफडीएने २०२४ च्या जानेवारीत सगळ्यात कडक इशारा त्यावर छापायला लावला.

पैशाचं लिहिलं नाहीस पण ते असतंच. डायलिसिस जिल्हा रुग्णालयात किंवा महात्मा फुले योजनेत होत असलं तरी बाहेरून आणायला लागणाऱ्या गोळ्यांचा खर्च घराला कळतो. न परवडून बाइंडर अर्धा केला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, स्वस्तातला पर्याय बसवून देता येतो.

सासूबाईंना हे सगळं सांगत बसू नकोस, एकच कर. ताटाच्या डाव्या बाजूला मीठ आणि लोणचं वाढतेस ना, तिथलं मीठ काढ आणि त्या जागी गोळीची वाटी ठेव. गोळी दिसली की पहिला घास घ्यायचा. तीन महिन्यांनी पीटीएचचा रिपोर्ट आला की आकडे मला कळव, आत्ताचे माझ्याकडे आहेतच, शेजारी ठेवून बघते.